दस्तगीर वस्तादांची पाठ

टेकडीच्या शेवटच्या उतारावर माझा पाय मुरमावरून सटकला आणि मी तोंडावर आपटलो. पाठीवरच्या पिट्टूत, फौजी पिशवीत, वाळू भरलेली होती. ते सगळं वजन मागून मानेवर आलं. हनुवटी फुटली, दोन्ही तळवे सोलून निघाले आणि उजवा गुडघा, जो आधीच दुखरा होता, नेमका दगडावर बसला.

खाली बाभळीच्या सावलीत माझी बायको शालन स्कूटी लावून बसली होती. डांबरी रस्त्यावर मी पळायचो तेव्हा ती स्कूटीवरून मागं मागं यायची आणि टेकडीवर चढायचो तेव्हा खाली थांबायची. डिकीत पाण्याची बाटली असायचीच, आता तिच्या जोडीला हळदीची पुडीही आली होती.

"आज परत तोंडावरच?" ती म्हणाली.

"पाय सटकला."

"ते दिसलं मला. पाय पुढं सटकल्यावर माणूस मागं पडतंय. बुडावर. तुमी हवेत गिरकी घिऊन तोंडावर कसं काय पडतासा?"

"सवय हाय."

"ही कसली सवय, थोबाड फोडून घ्यायची?"

तिनं हनुवटीवर हळद दाबली. तिचं बरोबर होतं. नेमकं हेच दहा दिवसांपूर्वी पलटणीतले हवालदार परब मला म्हणाले होते, फक्त त्यांच्या शब्दांत शिव्या जास्त होत्या.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. पलटणीतून पॅरा कमांडोच्या निवडीसाठी नाव दिलं होतं. माझ्याबरोबर नाव दिलेली पोरं बावीस-तेवीसची होती आणि मला 'पैलवान काका' म्हणायची. विशीत अंग दुखलं तर एका झोपेत भरून येतं. एकतिशीत तेच अंग पुढचे तीन दिवस बोलत राहतं. वयाची मर्यादा अगदी तोंडावर आली होती. यंदा नाही तर कधीच नाही, असा मामला होता.

आता या वयात हा उद्योग का, असं मला सगळ्यांनी विचारलं. त्याचं कारण असं. मी फौजेत गेलो तो कुस्तीवर. खेळाडू म्हणून भरती झालो आणि पुढची सगळी वर्षं पलटणीच्या संघातून गादीवर कुस्त्या खेळलो. माझ्या कंपनीतली माणसं बर्फात उभी राहून आली, काही परत आली नाहीत. मी मात्र दूध, तूप, बदाम खाऊन पदकं आणत होतो. कुणी मला त्यावरून टोचून बोललं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण सुट्टीवर गाव मला 'मिलटरीवाला' म्हणायचं तेव्हा मला आतून ओशाळल्यासारखं व्हायचं. मग एका वर्षी एका कोवळ्या पोरानं मला हरवलं, कुस्ती सुटली आणि साहेबांनी मला स्टोअरमध्ये चादरी-घोंगड्यांच्या हिशेबावर बसवलं. तिथं बसल्या बसल्या ठरवलं, एकदा तरी खरा शिपाई होऊन बघायचं.

वजन उतरवलं. शालननं घरातलं तूप तिच्या आईकडं पाठवून दिलं. पैलवानाला पळताना दम लागतो, कारण जोर लावताना श्वास धरून ठेवायची त्याला खोड असते, तीही मोडली. सगळं जमलं, पडणं तेवढं जमलं नाही.

परब कोकणातले. स्वतः कमांडो होऊन आलेले आणि आता पलटणीतल्या इच्छुकांची तयारी करून घ्यायचे. निवडीआधीच्या चाळणीत, पिट्टू घेऊन डोंगर चालताना, मी उतारावर असाच गिरकी घेऊन पडलो आणि गुडघा मुरगळला. परबांनी मला बाजूला बसवलं.

"मेल्या, पाठीवर पिट्टू कशाला दिलाय? घसरलास की त्याच्यावर पड. गादीवर पडल्यासारखा पड. तू हवेत वळतोस आणि सगळं वजन गुडघ्यावर घेतोस. काळोखात, डोंगरात असा एकदा पडलास की गुडघा गेला आणि तू घरी. मुद्दाम करतोस काय?"

"नाही हवालदार. आपोआप होतं."

"मग आपोआप बंद कर. सुट्टीवर जा, गुडघा बरा कर. आलास की मी स्वतः तुला गडावरून पिट्टू घेऊन उतरवणार. परत असा पडलास तर नाव मीच कापणार. जन्माचा लंगडा होण्यापेक्षा चादरी मोजलेल्या बऱ्या."

त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. आणि माझ्या अंगात हे कुठून आलं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमच्या गावची तालीम दस्तगीर वस्तादांची. पहाटे मारुतीपुढं दिवा लावायचे तेही दस्तगीर वस्तादच, आणि मोहरमला पंजे त्यांच्याच घरी बसायचे. आठव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला डाव शिकवला नाही. हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, तांबडी माती हातात दिली, कपाळाला लावायला सांगितली आणि म्हणाले, "ही पायाला लागू दे, छातीला लागू दे, तोंडात जाऊ दे. पाठीला लागली न्हाई पायजे." कुस्तीत पाठ टेकली की संपलं, हे जगाला माहीत आहे. पण आमच्या तालमीत हौद्याबाहेर, दमून पडतानासुद्धा उताणं पडायची मुभा नव्हती. कुशीवर नाहीतर पालथं. कुणी उताणा दिसला की वस्तादांची काठी पोटरीवर बसायची. पुढंपुढं झोपेतसुद्धा आम्ही पाठीवर वळत नसू.

आणि वस्ताद स्वतः? पंचक्रोशीत त्यांच्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं. दस्तगीरच्या पाठीला कुणी माती लावली नाही. कुस्ती सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती, दोन्ही गुडघे गेले होते, काठीशिवाय चालता येत नव्हतं. पण यात्रेच्या मैदानात ते येऊन बसले की हलगीवाला आपोआप जोरात वाजवायचा.

त्या दिवशी टेकडीवरून घरी आल्यावर मी माजघरात गाद्या घातल्या आणि पाठीवर पडायचा सराव सुरू केला. उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मागं झोकून द्यायचं. दर वेळी अंग अर्ध्यात वळायचं आणि मी पालथा. शालन दारात उभी राहून बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "मी ढकलते."

तिनं दोन्ही हात माझ्या छातीवर ठेवून जोरात ढकललं. मी वळलो, पालथा पडलो आणि पडता पडता तिचा पाय ओढला गेल्यामुळं तीही माझ्यावर आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं आणि ती तशीच बसून राहिली.

"वस्तादांकडं जावा की," ती म्हणाली.

"आणि काय सांगू? वस्ताद, मला पाठ टेकायला शिकवा?"

"मग काय झालं?"

"शालन, ह्ये त्यांच्यापुढं बोलायचं म्हंजे... न्हाई जमायचं. त्यापरीस चादरी मोजीन."

"मोजा," ती म्हणाली. "पर मग घरात असं तोंड करून बसू नगासा. मागल्या वर्षापास्नं बघतेय मी ते तोंड. तुमी तिकडं गेला तर मला रात्रीची झोप लागणार न्हाई, ह्ये मला ठाव हाय. तरी बी म्हणते, जावा."

तिनं एवढं सरळ कधी बोलून दाखवलं नव्हतं. दुपारी ती स्कूटी घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, माहेरी गेली असेल.

संध्याकाळी चारच्या सुमाराला वस्तादांचा निरोप आला. तालमीत ये, पिट्टू घेऊन ये.

पिट्टूचं नाव ऐकल्यावर मला कळलं की शालन माहेरी गेली नव्हती.

तालमीत पाच-सहा पैलवान अंगाला तेल लावत होते. सगळे ऐन उमेदीतले, पोलीस नाहीतर फौजेच्या भरतीकडं डोळे लावून बसलेले. वस्ताद हौद्याच्या काठावर पाटावर बसले होते. समोरच्या भिंतीला नवा गिलावा होता. दर पावसाळ्यात हौद्याचा तो कोपरा भिजून चिखल व्हायचा. भिंतीतून पाणी झिरपतं म्हणून वस्तादांनी दोनदा गिलावा करून घेतला होता, तरी कोपरा भिजायचाच.

मी पाया पडलो.

"पड, सर्ज्या," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"तुजी बायको सांगून गेली सगळं. पिट्टू चढव आन् मागं पड. बघू दे मला."

मी दाराकडं गेलो. बाहेर रस्ता होता, माणसं जात-येत होती. "दार लावू का, वस्ताद?"

"उघडं ऱ्हाऊ दे. दार लावून पडलास तर हरल्यागत वाटंल."

मी पिट्टू चढवला, हौद्यात उतरलो आणि मागं झोकलं. वळलो. पालथा. तोंडात माती. पुन्हा उठलो, पुन्हा तेच. तेल लावणारे हात थांबले होते. वस्तादांनी काठी उचलली आणि मी उभा असताना मागून पोटऱ्यांवर आडवी मारली, त्यांना वाटलं, आता तरी हा मागं बसेल. मी त्यातूनही वळलो. खरं सांगायचं तर इतकी चांगली गिरकी मी कुठल्या मैदानातही घेतली नव्हती.

"आरं, कुणी शिकिवलं तुला ह्ये?" वस्ताद चिडून म्हणाले.

"तुमीच की."

ते काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "पिट्टूवर पडलास तर पाठ लागती कुठं? मधी पिट्टू हाय की."

"मला कळतंय वस्ताद. अंग ऐकत न्हाई. अंगाला वाटतं, लागली."

"मग पिट्टू काढ. आधी अंगाला खरंच लागू दे. लागली तर काय व्हतंय, ते कळू दे."

मी पिट्टू काढला, सदरा काढला. उघड्या पाठीनं हौद्यात उभा राहिलो आणि मला ते जमेना. मागं झोकणं सोडाच, पायच हलेनात. समोर मारुती, बाजूला वस्ताद, भोवती पैलवान. बर्फात उभं राहायची स्वप्नं बघणारा मी, गावातल्या भुसभुशीत मातीला घाबरलो होतो. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "वस्ताद, ऱ्हाऊ दे. न्हाई जमणार."

वस्तादांनी काठी भिंतीला टेकवली आणि सदऱ्याची बटणं काढायला लागले.

आधी मला कळलंच नाही. सदरा काढून त्यांनी पाटावर घडी करून ठेवला. भिंत धरून हौद्यात उतरले. गुडघे वाकत नव्हते म्हणून वाकून माती उचलता येईना, मला म्हणाले, "दे." मी ओंजळीत माती दिली. त्यांनी ती कपाळाला लावली. राहिलेली माझ्या छातीला चोळली, लढतीआधी समोरच्याला चोळतात तशी.

"वस्ताद, तुमी नगा," मी म्हणालो. मागून एक पैलवानही म्हणाला, "वस्ताद, काय करालाय?"

"पडालोय," ते म्हणाले. "त्यात काय अवघड हाय?"

आणि ते पडले. सरळ मागं, दोन्ही हात पसरून, हनुवटी छातीला लावून, जसं पडावं अगदी तसं. मातीचा धप्प असा आवाज झाला. एका पैलवानानं तोंड भिंतीकडं फिरवलं. आम्हां सगळ्यांच्या बापांनी जे कधी बघितलं नव्हतं ते आम्ही बघत होतो आणि ते बघू नये असं प्रत्येकाला वाटत होतं.

वस्ताद उताणे पडूनच म्हणाले, "मेलो का मी?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"सर्ज्या, तुला इचारालोय. मेलो का?"

"न्हाई वस्ताद."

"मग ये. हितं शेजारी."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो, पाठ फिरवली आणि अंग सोडून दिलं. अंग वळलं नाही. का वळलं नाही, हे मला आजही सांगता यायचं नाही. कदाचित जिथं वस्तादांची पाठ टेकली होती तिथं माझी टेकण्यात अंगाला काही गैर वाटलं नसावं. माती गार होती. तेवढंच. मला रडू आलं. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, हेही मला तेव्हाच कळलं.

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते वर बघत होते.

"सर्ज्या, त्ये कौल फुटलंय न्हवं?"

मी वर बघितलं. बरोबर त्या भिजणाऱ्या कोपऱ्यावर एक कौल फुटलेलं होतं आणि त्यातून हाताएवढं आभाळ दिसत होतं.

"व्हय वस्ताद."

"दोनदा गिलावा केला भिंतीला," ते म्हणाले. "इतक्या वर्सांत वर बघितलंच न्हाई कुणी."

आधी ते हसले, मग मी, मग तो तोंड फिरवलेला पैलवानसुद्धा. त्यानंतर आम्ही वस्तादांना धरून उभं केलं आणि त्यांनी मला पिट्टू चढवून दिवे लागायच्या आधीपर्यंत पाडलं. ढकलून, काठी घालून, डोळे बांधून. मी प्रत्येक वेळी पाठीवर पडलो. शेवटी ते म्हणाले, "बास. आता कुठं बी पड."

त्यांना हौद्यातून वर घेतलं. पाठ सगळी तांबडी झाली होती. मी पंच्यानं ती पुसायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारपणीसुद्धा पकड जबर होती.

"ऱ्हाऊ दे."

"वस्ताद, माती..."

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं."

सदरा खांद्यावर टाकून, काठी टेकत ते उघड्या अंगानं बाहेर पडले. आम्ही मागोमाग. आता हे घरी जाणार म्हणजे डेअरीवरून जाणार आणि ती दूध घालायची वेळ. अर्धं गाव किटल्या घेऊन ओळीत उभं होतं. शालनही होती, तिच्या हातात आमची किटली. वस्ताद त्या ओळीच्या पुढून, अगदी सावकाश गेले. बोलणं थांबत थांबत ओळीच्या टोकापर्यंत गेलं.

त्यांच्याच वयाचे एक जुने पैलवान, वाघू आप्पा, ओळीतून पुढं झाले. "दस्तगीर," ते म्हणाले, "ह्ये पाठीला काय गा?"

"माती."

"ते दिसतंय. कुणी लावली?"

वस्ताद थांबले. काठी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडं मान हलवली.

"आमच्या सर्ज्यानं," ते म्हणाले. "तयार झालंय पोरगं."

मी तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की ते मिटलं. वाघू आप्पांनी आधी वस्तादांना मिठी मारली, मग मला. वस्तादाला त्याच्याच पठ्ठ्यानं पाडावं, यापरता वस्तादाचा मान नाही, असं आमच्याकडं मानतात. डेअरीवाल्यानं माप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. शालन मात्र वस्तादांच्या पाठीकडं बघत होती आणि तिनं पदर तोंडाला लावला होता. काय झालं असेल ते तिला बरोबर कळलं होतं.

सुट्टी संपल्यावर परबांनी मला गडावरून उतरवलं. मी दोनदा घसरलो, दोनदा पिट्टूवर पडलो आणि कासवासारखा हात-पाय हलवत उठलो. परब म्हणाले, "कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "वस्तादांनी." पुढं निवडीचे ते महिने फार वाईट गेले, त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. इतकंच सांगतो की मी तिथं पुष्कळ पडलो आणि एकदाही गुडघ्यावर पडलो नाही. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान असलेली बरीच पोरं परत गेली. मी पॅरा कमांडोंची मरून रंगाची टोपी घालून गावी आलो तेव्हा वस्तादांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितली आणि म्हणाले, "मला न्हाई शोभत. घाल तू."

वस्ताद जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त होऊन गावातच असतो. तालमीत गेलो की नवे पैलवान भोवती जमतात. कमांडोतल्या गोष्टी त्यांना नको असतात. त्यांचा प्रश्न एकच असतो.

"दादा, दस्तगीर वस्तादांवर कंचा डाव टाकला होतासा?"

मी दर वेळी खरं तेच सांगतो. कुठलाही नाही, ते स्वतःहून पडले. पोरं एकमेकांकडं बघून हसतात, म्हातारा डाव लपवून ठेवतोय म्हणतात. त्या दिवशी तालमीत हजर असलेले तेवढे जुने पैलवान काही बोलत नाहीत. वस्तादांचा शब्द खोडून काढायचं त्यांच्या मनातही येत नाही.

मग मी सदरा काढून हौद्यात उतरतो, सरळ उताणा पडतो आणि वर बघतो. कोपऱ्यावरचं, तेव्हा नवं बसवलेलं ते एक कौल बाकीच्यांपेक्षा अजून जरा लाल दिसतं.